जितके निघाले तितके परत

चांदूरकर अमेरिका सोडून नागपूरला परत गेला त्याला आता वर्ष होत आलं, आणि मला अजून त्याचा राग येतो. डिशवॉशर लावताना येतो, सिग्नलला गाडी थांबली की येतो, आणि लाँग वीकेंड जवळ आला की मग तर हमखास येतो. दूर गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची पद्धत आहे हे मला माहीत आहे. पण हा माणूस चांगला धडधाकट आहे, नागपुरात गच्चीवर टोमॅटो लावतोय आणि त्या टोमॅटोंचे फोटो आम्हाला पाठवतोय. त्यामुळे त्याच्यावर चिडायला काही हरकत नसावी.

त्याला आम्हा सगळ्यांकडून एकच गोष्ट हवी होती. आमच्या हर्नडन गावातल्या मित्रमंडळींनी सुट्टीच्या एका दिवशी एकत्र निघावं, एकत्र एखादा डोंगर चढावा, वर सगळ्यांचा मिळून एक फोटो काढावा आणि एकत्र खाली यावं. बस. आठ वर्षांत त्याने वीसेक सहली आखल्या असतील. तो फोटो काही निघाला नाही. एवढीशी गोष्ट आम्हाला जमली नाही याचा राग, आणि एवढ्याशा गोष्टीचं त्याने इतकं स्तोम माजवलं याचाही राग, असे दोन्ही राग माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात.

त्याचं नाव दिलीप, पण त्याच्या बायकोशिवाय त्याला दिलीप म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. सहा फूट उंच, काटकुळा, आणि उंच माणसांना असतो तसा मानेत किंचित बाक. डोंगरावर जायचं म्हटलं की तो मानेवर पडदा सोडलेली एक राखाडी टोपी घालायचा, हातात मोजे, दोन काठ्या, पाठीवर गाठोड्याएवढी सॅक. हे सगळं कोरियातून आणलेलं. आम्ही बाकीचे चपला घालून, हातात कॉफीचा ग्लास घेऊन उभे असायचो आणि हा हिमालयात निघाल्यासारखा. त्याची बायको नागपूरला कॉलेजात शिकवते. नोकरी सोडून अमेरिकेत डिपेंडंट व्हिसावर घरात बसणार नाही, असं तिने पहिल्याच वर्षी स्वच्छ सांगितलं होतं, आणि ते मला अगदी पटलं होतं. ती आणि मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायच्या, दोन महिने राहायच्या आणि जायच्या. उरलेले दहा महिने चांदूरकर आमचा.

त्याला काही सवयी कोरियाने लावल्या होत्या आणि त्या त्याने जन्मभरासाठी ठेवून घेतल्या. कुणाला काहीही द्यायचं असलं तर दोन्ही हातांनी द्यायचा, थोडं वाकून. पाण्याची बाटली असो, गाडीची किल्ली असो, दुकानात कार्ड असो. काउंटरवरची पोरगी गोंधळून त्याच्याकडे बघत राहायची. डोंगरावर तो सोललेल्या काकड्या न्यायचा, मिठाशिवाय, अख्ख्या, आणि वाटेत भेटेल त्या अनोळखी माणसालाही एक पुढे करायचा. अमेरिकन लोक घाबरून नको म्हणायचे. आणि मोजायचा. दर वळणावर थांबून माणसं मोजायचा, तीही कोरियन भाषेत: हाना, दुल, सेत, नेत. आमच्या मुलांना बाराखडी येत नाही, मराठीत बोललं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतात, पण चौदापर्यंत कोरियन आकडे सगळ्यांना पाठ आहेत. ही चांदूरकरची देणगी.

त्याचं वेड कुठून आलं हे मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. इतरांना तो नुसताच विचित्र वाटला तर मी समजू शकते. मला ती सवलत नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही कोरियात होतो, सुवॉनला. माझा नवरा निखिल आणि चांदूरकर एकाच प्रोजेक्टवर होते. माझं नवं लग्न झालेलं, नोकरी नाही, भाषा येत नाही, आणि खाण्याचे हाल. शाकाहारी आहे हे चार भाषांत सांगूनही सूपमधून मासळी निघायची. त्यात शरद ऋतूतला त्यांचा मोठा सण आला, छुसॉक. आपल्याकडची दिवाळी आणि पितृपक्ष एकत्र केले तर होईल तसा. तीन दिवस सगळं गाव आपापल्या मूळ घरी जातं आणि मागे उरतात आमच्यासारखे परदेशी. दुकानं बंद, रस्ते रिकामे. पहिले दोन दिवस मी मॅगी खाऊन रडले. तिसऱ्या दिवशी त्यांचा टीम लीड पार्क याने आम्हा तिघांना डोंगरावर बोलावलं. वाडवडिलांचं सगळं आटोपलं होतं, आता मित्रांबरोबर डोंगर, ही त्याची दर वर्षीची पद्धत. तो, त्याची बायको, त्याचे दोन शाळासोबती आणि आम्ही तिघं. सात जण.

नऊ वाजता क्वानाक डोंगराजवळच्या सबवे स्टेशनच्या ठरलेल्या दाराशी भेटायचं होतं. निखिल आणि मी पावणेनऊला पोचलो. चांदूरकर आला नऊ चाळीसला. तेव्हा तो तिशीतला होता आणि नऊ म्हणजे साडेनऊ असं समजणारा साधा सरळ माणूस होता. ती चारही कोरियन माणसं चाळीस मिनिटं उन्हात उभी होती. बरोबरचा खाऊ कुणी उघडला नव्हता, कुणी घड्याळ पाहिलं नव्हतं, कुणाचा चेहरा वाकडा झाला नव्हता. चांदूरकर धापा टाकत म्हणाला, तुम्ही पुढे व्हायचं ना, मी गाठलं असतं. पार्क हसला आणि त्याच्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "सेव्हन गो, सेव्हन कम."

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं ना बाप्पा," चांदूरकर मला चढताना हळूच म्हणाला. "हे काय, नुसते हसून राहिले."

अर्ध्या वाटेवर माझा दम संपला. दोन दिवस मॅगीवर काढलेल्या बाईचं दुसरं काय होणार. मी एका दगडावर बसले आणि म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते. निखिल लगेच हो म्हणाला, हे मी अजून विसरलेले नाही. चांदूरकरही म्हणाला, हव, बसू द्या तिला, येताना घेऊ. पार्कने सॅक उतरवली आणि माझ्या शेजारच्या दगडावर बसला. मग त्याची बायको बसली. मग ते दोन मित्र. सॅकमधून काकड्या निघाल्या. पार्कच्या बायकोने एक काकडी दोन्ही हातांनी मला दिली. पाऊण तास सात माणसं त्या वाटेवर बसून काकड्या खात होती, आणि वर जायची कुणाला घाई नव्हती. शेवटी मीच लाजून उठले. वर शिखरावर डोंगराचं नाव कोरलेला एक मोठा धोंडा आहे, त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग असते. आम्ही रांगेत उभे राहिलो. पार्कने कोण कुठे उभं राहायचं ते ठरवलं: बुटके मध्ये, उंच कडेला. चांदूरकर डाव्या टोकाला. त्या फोटोत मी मधोमध आहे, घामाने निथळलेली, आणि कोरियातल्या दोन वर्षांतला माझा हसतानाचा तो एकच फोटो आहे.

परत उतरल्यावर सबवेच्या दाराशी पार्कने मोजलं, हाना ते इल्गोप, सात, आणि मगच सगळ्यांचा निरोप घेतला. चांदूरकर त्या दिवशी बदलला, असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर तो कधी कुठे उशिरा आला नाही, आणि त्यानंतर तो आमच्या डोक्याला ताप झाला.

आम्ही हर्नडनला आलो, मागोमाग निखिलच्याच ओळखीने चांदूरकर आला. आमच्या इथे आता पुण्या-मुंबईची, नागपूर-सांगलीची अशी चार-पाच कुटुंबं जवळपास राहतात. लहान-मोठे धरून चौदा जण. मुग्धा आणि तिचा नवरा आमच्या समोरच्याच घरात. सलील मुंबईचा, त्याची मुलगी सॉकर खेळते आणि त्या सॉकरभोवती त्यांचं सगळं घर फिरतं. चांदूरकरने आल्या आल्या एक ग्रुप काढला, आणि पहिल्या मे महिन्यातल्या लाँग वीकेंडला सहल ठरवली. मेसेजमध्ये सगळं लिहिलं होतं. साडेसातला कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये जमायचं. चार गाड्या, कोण कुणाच्या गाडीत ते. खाणं त्याच्याकडे. आणि शेवटी एक ओळ: जितके निघाले तितके परत.

साडेसातला तिथे एकटा चांदूरकर होता. आठ दहाला आम्ही. साडेआठला मुग्धा. सलीलचा फोन आला, "यार, आम्ही डायरेक्ट वर भेटतो ना, उगाच इकडे कशाला यायचं?" प्रत्येकजण आपापल्या गाडीने आला. वर गेल्यावर एका कुटुंबाला कळलं की खाली जवळच वायनरी आहे, ते तिकडे वळले. दुसऱ्यांच्या बाळाची झोपेची वेळ झाली. शिखरावर आम्ही नऊ जण पोचलो. मी फोन काढला आणि म्हटलं, चला, फोटो.

"नाही," चांदूरकर म्हणाला. "पूर्ण नाहीत."

"अरे आहेत तेवढ्यांचा काढू ना."

"आहेत तेवढ्यांचा काहून काढायचा? पूर्ण झाले की काढू."

आम्ही हसलो. पुढच्या वेळी हसलो नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याचा कंटाळा आला होता. त्याच्या त्या हट्टापायी आठ वर्षं आमच्या सहलींचा एकही ग्रुप फोटो नाही. सेल्फी आहेत, काकड्यांचे आहेत, मुलांचे आहेत, पण सगळ्यांचा नाही. इतर लोक फेसबुकवर वीस वीस जणांचे फोटो टाकतात, आणि त्यातले निम्मे नंतर येऊन दहा मिनिटं उभे राहिलेले असतात, हे काय मला कळत नाही? पण निदान फोटो तरी असतो.

खाणं मात्र तो एकटा करायचा, आणि ते कुणी चुकवायचं नाही. किंबाप. भाताचे गुंडाळे, वर काळ्या समुद्रशेवाळ्याचा पापुद्रा, आत गाजर, पालक, मुळ्याचं लोणचं, आणि आमच्यासाठी पनीर. त्यात तो नागपुरी तिखट घालायचा. कोरियन माणसाने खाल्लं तर डोळ्यांत पाणी येईल असं. मुलं सुशी म्हणायची आणि तो दर वेळी थांबून सांगायचा, "सुशी नाही, किंबाप." पहाटे चारला उठून चौदा जणांचं करायचा. आणि चौदाच्या चौदा वर पोचेपर्यंत डबा उघडायचा नाही. मुलं भुकेने रडायला लागली की आम्ही आपले आणलेले चिप्स काढायचो आणि तो तोंड फिरवून दरीकडे बघत बसायचा.

सगळ्यात वाईट झालं ते तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या लाँग वीकेंडच्या सोमवारी. त्या दिवशी खरोखर चौदाच्या चौदा आले होते, वर मुग्धाच्या सासूबाई सांगलीहून आलेल्या, म्हणजे पंधरा. पार्किंगमध्ये मोजताना चांदूरकरचा आवाज बदलला होता. मला तेव्हाच काळजी वाटली होती, कारण इतकं खूश व्हायचं नसतं. निम्म्या वाटेवर काकूंनी हात टेकले. एका ओंडक्यावर बसून म्हणाल्या, "मी बसते इथं. तुम्ही या जाऊन सावकाश."

चांदूरकरने सॅक उतरवली आणि त्यांच्या शेजारी बसला. "बसा रे सगळे," म्हणाला. "काकूंना बरं वाटलं की निघू."

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मुलं एकमेकांवर काटक्या फेकायला लागली. सलील उभाच होता. "चांदूरकर, दोन वाजता प्रॅक्टिस आहे तिची. आपण पटकन वर जाऊन येऊ, काकूंजवळ कोणीतरी थांबेल. इट्स नॉट अ बिग डील, यार."

"कोणीतरी काहून? सगळे थांबू."

"अहो, माझ्यामुळे नका हो खोळंबू," काकू म्हणाल्या. त्या बिचाऱ्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या उठायला लागल्या, आणि उठता येईना. मुग्धाचा चेहरा लाल झालेला. मला उन्हाचा, मुलांचा, त्या काकड्यांचा, सगळ्याचाच वैताग आला, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "चांदूरकर, पुरे कर आता. हे कोरिया नाहीये."

त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तो म्हणू शकला असता. वैशाली, तुझ्यासाठी सात जण पाऊण तास बसले होते, आठवतं का, एवढंच म्हणायचं होतं. निखिल माझ्याकडे बघेना, म्हणजे त्यालाही आठवलं होतं. पण चांदूरकरने सॅकमधून काकडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

सलील मुलीला घेऊन खाली गेला. मग काकूंनीच हट्ट धरला की मला खाली न्या, म्हणून मुग्धाचं घर गेलं. मग बाकीचे. कुणी वर पोचलं नाही. पार्किंगमध्ये तो मोजत होता आणि आम्ही पाच जण होतो. मी गाडीत बसून काच वर केली. माझं चुकलं होतं हे मला कळत होतं, आणि ज्याच्या बाबतीत आपलं चुकलेलं असतं त्याचा राग किती येतो हे त्या दिवशी मला कळलं. माफी मागायची राहून गेली. त्याने ती मागायची वेळच येऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतो, "काकू ठीक आहेत ना? त्यांना जास्त चालवलं का मी?"

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यानंतर सहली कमी झाल्या. तो मेसेज टाकायचा, आम्ही होकाराचा अंगठा टाकायचो, आणि मग काही ना काही निघायचं. इथे मला आमच्या लोकांची एक पद्धत सांगायला हवी. आम्हाला नाही म्हणता येत नाही. ग्रुपवर विचारलं की सगळे अंगठे वर. मग आदल्या संध्याकाळी ज्याला जमणार नसेल तो ग्रुपवर लिहीत नाही, कारण एकाने लिहिलं की बाकीचे पटापट गळतात आणि कार्यक्रम मोडल्याचा बट्टा आपल्यावर येतो. म्हणून तो एकट्या चांदूरकरला लिहितो. सॉरी रे, आमचं जमत नाही, पण तुम्ही बाकीचे मजा करा. आपण समजूतदारपणाच केला असं त्याला वाटतं. मला तरी वाटायचं.

मागच्या ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला त्याने पुन्हा मेसेज टाकला. हा वीकेंड त्याचा ठरलेला असायचा, कारण छुसॉक साधारण त्याच सुमाराला येतं. सोमवारी, आठ वाजता, सोपा डोंगर, वर पंचेचाळीस मिनिटांत पोचतो, लहान मुलंही चढतात. कोण कोण? सगळ्या घरांचे अंगठे वर आले, बायकांचे, नवऱ्यांचे. सलीलने तर त्यावर हार्ट टाकलं. चांदूरकरने लिहिलं, "चौदा. पक्के."

रविवारी संध्याकाळी माझ्यासमोर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, मंगळवारी ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, आणि मला कुठेही जायचं नव्हतं. याहून मोठं कारण नव्हतं. असतं तर आज लिहायला बरं पडलं असतं. मी आमच्या मुलाचं नाव पुढे करून चांदूरकरला लिहिलं, ईशानला ताप आहे रे, आमचं कॅन्सल, तुम्ही जाऊन या. त्याचं उत्तर लगेच आलं. "काळजी घे त्याची. नो प्रॉब्लेम."

सोमवारी मी दहाला उठले. छान ऊन पडलं होतं. चांदूरकर आणि ती बाकीची दहा माणसं आता वर पोचली असतील आणि तो आमच्या तिघांवाचून फोटो काढायला नाही म्हणत असेल, असा विचार आला, आणि थोडं चुकल्यासारखं वाटलं. पण कपड्यांच्या घड्या झाल्या.

संध्याकाळी साडेपाचला त्याची गाडी आमच्या ड्राइव्हवेमध्ये आली. ईशान तिथेच बास्केटबॉल खेळत होता. नऊ वर्षांचा घामाघूम झालेला, ताप आहे असं कुणालाही वाटणार नाही असा पोरगा. मी खिडकीतून बघितलं आणि धावत बाहेर गेले, पण तोवर चांदूरकर गाडीतून उतरला होता, डोक्यावर तीच राखाडी टोपी, बुटांना माती.

"काय ईशान, बरं वाटलं का?"

"व्हॉट डू यू मीन?" ईशान म्हणाला. "आय वॉझन्ट सिक."

मी तिथेच उभी राहिले. चांदूरकरने माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते त्याने मुद्दाम केलं होतं. "गुड, गुड," म्हणाला आणि ईशानचा बॉल उचलून त्याला दोन्ही हातांनी दिला. मग त्याने डिकी उघडली. आत मोठा कूलर होता, त्यात प्लास्टिकचे डबे, प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्याच्या कोनाकोनांच्या अक्षरात नावं. तो आमचा डबा शोधत होता आणि मी नावं वाचत होते. मुग्धा. सलील. खाली बाकीची घरं. एकही डबा कमी नव्हता.

"चांदूरकर," मी म्हटलं, "कोण कोण आलं होतं?"

"हा घे तुमचा. ईशानचे वेगळे केले आहेत, तिखट न घालता. तापात तिखट नको म्हणून."

"कोण आलं होतं?"

"मुग्धाच्या नवऱ्याची पाठ धरली. सलीलचं प्रॅक्टिसचं होतं." तो बाकीचीही कारणं सांगत गेला, एकेक, कुणाला दोष न देता, जणू ती सगळी खरीच होती. प्रत्येकाने त्याला एकट्याला कळवलं होतं. बाकीचे आहेतच, असं समजून.

"मग ग्रुपवर सांगायचं नाहीस? मला कळलं असतं तर मी आले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं." त्याने टोपी काढली. "माझी नोकरी गेली ऑगस्टमध्ये. साठ दिवस असतात, दुसरी काही मिळाली नाही. पंचवीस तारखेला निघून राहिलो मी."

नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर व्हिसावरच्या माणसाला गाशा गुंडाळावा लागतो, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. तरी मला क्षणभर समजेना. मग मला राग आला, इतका की माझा आवाज चिरकला. "वेडा आहेस का तू? हे सांगायला नको? शेवटची सहल आहे म्हटलं असतंस तर सगळे धावत आले असते. सगळे. सलीलसुद्धा."

"आले असते ना," चांदूरकर म्हणाला. "मयताला येतात तसे. मला तसे नव्हते पाहिजे. मला सहलीला आलेले पाहिजे होते."

ईशान आमच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. "डिड यू गो? बाय युअरसेल्फ?"

चांदूरकरने फोन काढला आणि त्याला फोटो दाखवला. मीही वाकून बघितला. डोंगरमाथ्यावरचा लांब सपाट खडक, मागे लाल-पिवळी झाडं. कुणातरी अनोळखी माणसाकडून काढून घेतलेला. चांदूरकर खडकाच्या अगदी डाव्या टोकाला उभा होता, टोपी, मोजे, दोन्ही काठ्या, आणि उजवीकडचा सगळा खडक रिकामा होता. बुटके मध्ये, उंच कडेला.

ईशानने त्या फोटोवर बोट ठेवलं आणि सवयीने मोजलं. "हाना," म्हणाला. आणि थांबला. "दॅट्स इट?"

"दॅट्स इट," चांदूरकर म्हणाला. "जितके निघाले तितके परत. अमेरिकेत पहिल्यांदाच जमलं, बघ."

तो हसलाही. मग त्याने डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, थोडं वाकून, आणि या वेळी मी घेतला. तीन वर्षांपूर्वीची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, चहा घेऊन जा. तो म्हणाला, "नको, अजून सगळी घरं व्हायची आहेत. भात कडक होतो."

त्याने डिकीतून दुसरा डबा काढला आणि रस्ता ओलांडून मुग्धाकडे गेला. मी आत येऊन खिडकीशी उभी राहिले. मुग्धाच्या दोन्ही गाड्या दारात होत्या. माडीवरचा पडदा हलला. त्याने बेल एकदाच वाजवली, दुसऱ्यांदा वाजवायची त्याला सवय नव्हती. मी घाईघाईने फोन घेऊन मुग्धाला लिहिलं, "दार उघड." मेसेज तिने वाचल्याची खूण आली. दार उघडलं नाही. चांदूरकर पायरीवर उभा होता, मान थोडी वाकवून, डबा दोन्ही हातांत धरून, आणि त्याला काही घाई नव्हती.